२,८०,४२८ वरून ८,८००: सोराफेनिबच्या सक्तीच्या परवान्याचं प्रकरण

बायर कंपनीचं सोराफेनिब हे कॅन्सरवरचं औषध बनवण्याचा परवाना २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायरच्या संमतीविना नॅटको फार्माला दिला, त्याची ही हकीकत. या प्रकरणात एकाही रुग्णाचं नाव नाही. कंपन्यांची आणि अधिकाऱ्यांची नावं आहेत, कारण आदेश आणि निकाल जाहीर आहेत. आपल्याकडे या खटल्याची गोष्ट बहुतेक वेळा ‘भारतीय कंपनीनं विदेशी कंपनीला नमवलं’ अशी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात सरकार नेमकं कुठे होतं हा प्रश्न राहून जातो.

पार्श्वभूमी

१९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट मिळत नसे. मिळे ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. तेच औषध दुसऱ्या पद्धतीनं बनवायला मोकळीक होती. मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद इथल्या औषध कंपन्या त्याच जोरावर उभ्या राहिल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून हे चित्र पालटलं. औषधावरच वीस वर्षांचं पेटंट द्यावं लागणार होतं.

कायदा बदलला तरी त्यात काही पळवाटा नव्हे, तर रीतसर वाटा होत्या. त्यातली एक म्हणजे कलम ८४. पेटंट मिळून तीन वर्षं झाली की कुणीही इच्छुक पेटंट नियंत्रकाकडे सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही ती वस्तू बनवण्या-विकण्याची परवानगी, मागू शकतो. त्यासाठी तीन कारणं सांगितली आहेत: लोकांची वाजवी गरज भागत नाही, वस्तू परवडेल अशा किमतीत मिळत नाही, किंवा त्या पेटंटचा भारतात वापरच केला जात नाही. तिन्हींपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. शिवाय कलम ९२ आहे, ज्यात केंद्र सरकार आणीबाणी, तातडी किंवा बिगर-व्यापारी सार्वजनिक वापर यासाठी स्वतः अधिसूचना काढू शकतं. आणि कलम १०० आहे, ज्यानुसार सरकार आपल्या कामासाठी पेटंटची वस्तू थेट वापरू शकतं. नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्यानं सार्वजनिक आरोग्यासाठी असे परवाने देण्याचा देशांचा हक्क स्पष्ट मान्य केलेला होता.

तरी २००५ नंतर सात वर्षं एकही परवाना निघाला नाही.

सोराफेनिब हे बायर कंपनीचं कॅन्सरवरचं औषध, बाजारातलं नाव नेक्साव्हार. पुढच्या टप्प्यावर गेलेल्या किडनीच्या आणि लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ते दिलं जातं. भारतात त्याचं पेटंट ३ मार्च २००८ रोजी मंजूर झालं. हे औषध कॅन्सर बरा करत नाही, आयुष्य थोडं वाढवतं. लिव्हर कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १०.७ महिने आलं, न घेणाऱ्यांचं ७.९ महिने. जवळपास तीन महिन्यांचा हा फरक आहे. त्या तीन महिन्यांसाठी शेत विकायचं का, हा प्रश्न त्या काळी कॅन्सर विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना खरोखर पडत होता.

अडचण

महिन्याला १२० गोळ्या, दिवसाला चार. बायरची किंमत महिन्याला २,८०,४२८ रुपये. म्हणजे एक गोळी २,३३७ रुपयांना आणि एक दिवस सुमारे ९,३५० रुपयांना.

खरं तर किमतीपेक्षाही पुरवठ्याचा आकडा जास्त बोलका आहे. २००८ मध्ये बायरनं भारतात औषध आणलंच नाही. २००९ मध्ये आणलं ते सुमारे २०० बाटल्या. एका रुग्णाला महिन्याला एक बाटली लागते, तेव्हा त्या साऱ्या मालात वर्षभर उपचार होऊ शकले असते ते फार तर सोळा-सतरा जणांचे. आणि औषध लागणारे रुग्ण किती होते? नियंत्रकांनी बायरच्याच कागदपत्रांवरून ८,८४२ हा आकडा धरला. एका बाटलीला एक रुग्ण असं मोजलं तरी औषध पोचलं होतं त्यातल्या दोन टक्क्यांहून किंचित जास्त लोकांपर्यंत.

दरम्यान सिप्लानं २०१० मध्ये स्वतःचं सोराफेनिब बाजारात आणलं होतं, महिन्याला २८,००० ते ३०,००० रुपयांत. बायरनं त्यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला होता. त्याआधी तर सिप्लाला विक्रीची परवानगीच देऊ नये म्हणून बायर औषध नियंत्रकांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तिथे २००९ मध्ये आणि नंतर अपिलातही ती हरली. पण दावा चालू असल्यामुळे सिप्लाचं औषध उद्या दुकानात असेल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. कॅन्सरचा कोर्स अशा भरवशावर सुरू करणं डॉक्टरांनाही अवघडच.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग किंमत नियंत्रणाचा. त्या वेळचा औषध किंमत नियंत्रण आदेश १९९५ चा, त्यात ७४ मूळ औषधं. नवी पेटंटची औषधं त्याच्या कक्षेबाहेर. पेटंट औषधांच्या किमती वाटाघाटीनं ठरवाव्यात का, यासाठी केंद्रानं २००७ मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल आला फेब्रुवारी २०१३ मध्ये. तोवर सोराफेनिबचा निकाल लागून वर्ष होत आलं होतं.

दुसरा मार्ग पेटंटच रद्द करून घेण्याचा. तो लांबचा आणि अनिश्चित.

तिसरा मार्ग सिप्लानं धरलेला: माल बाजारात आणायचा आणि कोर्टात लढायचं. तो एका कंपनीच्या धाडसावर आणि अंतरिम आदेशांवर लटकलेला.

चौथा मार्ग सरकारचा स्वतःचा, कलम ९२ किंवा १००. ऑगस्ट २०१० मध्ये औद्योगिक धोरण विभागानं सक्तीच्या परवान्यांवर एक चर्चापत्रही काढलं होतं. म्हणजे विषय टेबलावर होता. पण अधिसूचना काढली की अमेरिकेकडून आणि युरोपकडून व्यापारी दबाव येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा मार्ग घेतला गेला नाही.

उरला पाचवा: कलम ८४ खाली एखाद्या कंपनीनं अर्ज करायचा. यात सरकारला स्वतःहून काही करावं लागत नाही, फक्त निवाडा करावा लागतो. माझ्या मते हाच मार्ग निवडला जाण्याचं खरं कारण तेच आहे.

काय केलं गेलं

अर्जदार होती हैदराबादची नॅटको फार्मा. तिनं ६ डिसेंबर २०१० रोजी बायरला पत्र लिहून परवाना मागितला. महिन्याचं औषध १०,००० रुपयांच्या आत विकू, असं त्यात म्हटलं होतं. बायरनं २७ डिसेंबरला नकार कळवला, आणि आणखी काही सांगायचं असेल तर सांगा अशी ओळही जोडली. नॅटकोनं पुढे पत्र लिहिलं नाही.

तारखा पाहिल्या की यामागचा हिशेब दिसतो. कायद्यात आधी परवाना मागून पाहण्याची अट आहे, आणि त्यासाठीचा वाजवी काळ साधारण सहा महिन्यांपर्यंत धरला जातो. पेटंटला तीन वर्षं पूर्ण होत होती मार्च २०११ मध्ये. डिसेंबरचं पत्र धरून सहा महिने होत होते जूनमध्ये. नॅटकोचा अर्ज दाखल झाला जुलै २०११ मध्ये. पुढे बायरनं युक्तिवाद केला की एका पत्रानं प्रयत्न झाला असं म्हणता येत नाही, ते पत्र तर धमकीवजाच होतं. तो टिकला नाही. तरी हा दुवा कच्चाच होता, आणि पुढे दुसऱ्या एका अर्जाचा घात नेमका इथेच झाला.

सुनावणीत बायरनं कलम ८६ पुढे केलं. पेटंटधारकाला वेळ अपुरा पडला असेल तर नियंत्रक प्रकरण बारा महिन्यांपर्यंत पुढे ढकलू शकतात. या प्रकरणातला हा सर्वांत नाजूक क्षण. तहकुबी दिली असती तर कुणी फारशी टीका केली नसती, आपल्याकडे तारखा पडतातच. नियंत्रकांनी ती नाकारली. औषध उपलब्ध करून देण्यासाठी तत्परतेनं पावलं उचलली असती तर मुदत देता आली असती, इथे तशी पावलं दिसत नाहीत, असं कारण दिलं.

९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आदेश दिला. देशातला पहिला सक्तीचा परवाना. तिन्ही कारणं सिद्ध झाल्याचं त्यात म्हटलं होतं.

त्यातले दोन मुद्दे थांबून पाहण्यासारखे आहेत. पहिला, ‘वाजवी परवडणारी किंमत’ कुणाच्या दृष्टीनं? बायरचं म्हणणं होतं की संशोधनाचा खर्च भरून निघाला पाहिजे, म्हणून वाजवीपणा पेटंटधारकाच्याही बाजूनं पाहावा. नियंत्रकांनी तो मुख्यतः जनतेच्या बाजूनं पाहिला. दुसरा मुद्दा सिप्लाचा. बायर म्हणाली, सिप्लाचं स्वस्त औषध बाजारात आहे, मग गरज भागत नाही कसं म्हणता? एकीकडे सिप्लाची विक्री बंद करा म्हणून दावा चालवायचा आणि दुसरीकडे तीच विक्री आपल्या खात्यावर मांडायची! हे काही चाललं नाही, ना नियंत्रकांसमोर, ना पुढे उच्च न्यायालयात.

परवान्याच्या अटी चोख होत्या. महिन्याच्या १२० गोळ्या ८,८०० रुपयांहून जास्त दरानं विकायच्या नाहीत. निव्वळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं सुचवलेल्या पट्ट्यातला हा वरचा दर. औषध नॅटकोनं स्वतः बनवायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. फक्त लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरसाठी विकायचं. गोळी बायरच्या गोळीहून वेगळी दिसली पाहिजे. आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना फुकट द्यायचं.

अपिलं

बायर चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेली. मंडळानं सप्टेंबर २०१२ मध्ये स्थगिती नाकारली आणि ४ मार्च २०१३ रोजी परवाना कायम केला. रॉयल्टी मात्र ७ टक्के केली, आणि एक दुरुस्तीही केली. नियंत्रकांनी ‘भारतात वापर’ म्हणजे भारतात उत्पादन असं धरलं होतं. मंडळ म्हणालं, काही प्रकरणांत आयातही वापर ठरू शकते, प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावं. मुंबई उच्च न्यायालयानं १५ जुलै २०१४ च्या निकालात मंडळाचीच बाजू उचलली, पण इथे का बनवलं नाही हे पेटंटधारकानं पटवून दिलं पाहिजे असं सांगितलं. त्याच निकालात एक वाक्य फार मोलाचं आहे: औषधाच्या बाबतीत ‘पुरेसा पुरवठा’ म्हणजे शंभर टक्के गरज. १२ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बायरची याचिका फेटाळली.

पहिल्या पत्रापासून शेवटच्या निकालापर्यंत चार वर्षं. स्थगिती नसल्यामुळे या काळात औषध विकलं जात होतं, एवढं सुदैव.

निष्पत्ती

किंमत सुमारे ९७ टक्क्यांनी उतरली. एक गोळी ७३ रुपयांवर आली. गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त औषध नॅटकोचं राहिलंच नाही. आदेशानंतर दोन महिन्यांत, मे २०१२ मध्ये, सिप्लानं आपली किंमत ६,८४० रुपयांवर आणली. हेच सिप्लाचं औषध त्याआधी २८,००० च्या आसपास होतं! म्हणजे जेनेरिक कंपनी एकटी असली तर तीही मोकळ्या हातानं किंमत लावते. परवान्यामुळे पेटंटधारकाची मक्तेदारी गेलीच, शिवाय दोन जेनेरिक कंपन्यांत चढाओढ लागली. रुग्णाला मोठा फायदा त्यातूनच झाला.

आता दुसरी बाजू. २०१२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १४५ रुपये होती. ८,८०० रुपये म्हणजे साठ दिवसांची मजुरी, दर महिन्याला. ज्याला अडीच-पावणेतीन लाख झेपत नव्हते अशा मध्यमवर्गीय घराला परवान्यानं खरा आधार दिला. मजुराच्या घराला नाही. त्याच्यासाठी कुणीतरी औषध खरेदी करून फुकट द्यायला हवं होतं, आणि ते काम पेटंट नियंत्रकांच्या कक्षेत येतच नाही. २ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. पण अशा योजना रुग्णालयातल्या उपचारांच्या पॅकेजवर चालतात. घरी बसून महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या त्या साच्यात नीट बसत नाहीत.

आणि परवान्यांची रांग काही लागली नाही. डासाटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरील औषधासाठी बीडीआर फार्मानं अर्ज केला, तो ऑक्टोबर २०१३ मध्ये फेटाळला गेला. मूळ कंपनीनं शंका विचारल्या होत्या, त्यांना उत्तर देण्याऐवजी अर्जदारानं त्यालाच नकार समजून घेतलं, म्हणजे आधी परवाना मागण्याचा खरा प्रयत्न झालाच नाही, असं नियंत्रकांनी ठरवलं. मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा अर्ज जानेवारी २०१६ मध्ये फेटाळला. तिथे बाजारात त्याच गटातली दुसरी औषधं होती आणि गरज भागत नाही हे दाखवता आलं नाही. २०१३ मध्ये आरोग्य मंत्रालय काही कॅन्सरच्या औषधांसाठी कलम ९२ चा विचार करत असल्याच्या बातम्या झळकल्या. अधिसूचना निघाली नाही.

मात्र परवान्याचा धाक शिल्लक राहिला. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नॅटकोनंच बॅरिसिटिनिब या औषधासाठी सक्तीच्या परवान्याचा अर्ज केला. काही दिवसांतच त्याची मूळ कंपनी एली लिलीनं भारतीय कंपन्यांना रॉयल्टीशिवाय ऐच्छिक परवाने दिले, त्यात नॅटकोही आली, आणि अर्ज मागे घेतला गेला. सोराफेनिबचा निकाल पाठीशी नसता तर हे इतक्या चटकन घडलं असतं असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बायरच्या बाजूनं पाहिलं तर डिसेंबर २०१० हा चुकलेला क्षण. तेव्हा नॅटकोशी बोलणी केली असती तर किंमत, रॉयल्टी, विभागणी सगळं तिच्या हातात राहिलं असतं. सहा-सात टक्के रॉयल्टी आदेशानं घेण्यापेक्षा जास्त टक्के करारानं मिळवता आले असते. नंतरच्या काळात अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतीय कंपन्यांना ऐच्छिक परवाने दिले, त्यामागे हा हिशेब असावा.

नॅटकोनं दुसरं पत्र लिहायला हवं होतं. तिचं निभावलं, बीडीआरचं नाही.

सरकारच्या बाबतीत सांगण्यासारखं जास्त आहे. कलम ८४ मध्ये पहिली हालचाल प्रतिस्पर्धी कंपनीनं करायची असते. कंपनी नफा पाहूनच पुढे येणार, त्यात गैर काही नाही. पण मग ज्या औषधाचे रुग्ण थोडे आहेत, किंवा जे बनवायला अवघड आहे, किंवा जिथे चार वर्षं वकील पोसणं परवडत नाही, तिथे अर्ज करणार कोण? तिथे कलम १०० खाली सरकारनं स्वतःच्या रुग्णालयांसाठी औषध बनवून घेणं हा सरळ मार्ग होता. २०१२ च्या निकालानंतर, किंमत किती खाली येऊ शकते हे आकड्यांत दिसल्यावर, तो वापरून पाहायला हरकत नव्हती.

दुसरं म्हणजे खरेदी. किंमत उतरली त्या क्षणी मोठ्या सरकारी कॅन्सर रुग्णालयांनी एकत्र मागणी नोंदवली असती तर ६,८४० च्याही खाली दर मिळाला असता असं मानायला जागा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनं पुढे चाळीस औषधांची एकत्रित खरेदी करून दाखवली. २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं ४२ कॅन्सरच्या औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. ही दोन्ही कामं चांगली झाली, पण परवाना, खरेदी आणि नफ्यावरची मर्यादा ही तीन हत्यारं एकाच औषधावर एकाच वेळी चालवली गेली नाहीत.

तिसरी गोष्ट रुक्ष आहे, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बायर हरली ती तिच्याच आकड्यांवर, आणि त्यातले काही आकडे आले ‘फॉर्म २७’ मधून. पेटंटधारकानं पेटंटचा भारतात किती वापर केला हे कळवण्याचा हा नमुना पूर्वी दरवर्षी भरावा लागे. मार्च २०२४ च्या नियम-दुरुस्तीनंतर तो तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा आहे. उद्या कुणी नॅटकोसारखा अर्ज करू पाहील तर एखाद्या औषधाच्या किती बाटल्या आल्या हे त्याला तीन-तीन वर्षं कळणारही नाही. नियंत्रकांना मात्र कलम १४६(१) नुसार केव्हाही नोटीस काढून ही माहिती मागवता येते, आणि पेटंटधारकाला दोन महिन्यांत ती द्यावी लागते. महागड्या पेटंट औषधांची एक यादी करून दरवर्षी अशा नोटिसा पाठवायला नवा कायदा लागत नाही आणि कुठल्या कंपनीच्या अर्जाची वाटही पाहावी लागत नाही.